सडपातळ माणसाला मधुमेह का होतो?

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथे भरलेल्या जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मधुमेहाच्या एका जुन्या, विस्मृतीत गेलेल्या रूपाला ‘प्रकार ५’ (टाइप ५) असे अधिकृत नाव दिले. हा मधुमेह कुपोषणाशी निगडित असून तो प्रामुख्याने कृश, तरुण आणि गरीब माणसांमध्ये आढळतो. याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली आणि मधुमेह व लठ्ठपणा यांची चर्चा जणू एकाच विषयाची चर्चा असल्यासारखी होऊ लागली. सामान्य वाचकाचा गोंधळ उडणे स्वाभाविक होते, कारण एकीकडे हा खाण्याच्या अतिरेकाचा आजार म्हणून सांगितला जातो आणि दुसरीकडे तोच उपासमारीतूनही होतो असे तज्ज्ञ म्हणतात.

प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्व-मधुमेहाच्या अवस्थेत आहेत. या पाहणीत सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, प्रमाण गोव्यात आढळले. या कोट्यवधींमध्ये पोट सुटलेले लोक आहेतच, पण ज्यांना पाहून “तुम्हाला कसा काय मधुमेह?” असे नातेवाईक आश्चर्याने विचारतात, अशा शिडशिडीत लोकांची संख्याही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

मागणी आणि पुरवठा

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि त्यात एका वेळी केवळ पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल इतकी, ग्लुकोज ही साखर फिरत असते. एका जेवणातून याच्या कितीतरी पट साखर रक्तात येते, तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील पातळी थोडी वर चढून दोन-तीन तासांत पूर्ववत होते. हे काम मुख्यतः इन्सुलिन या संप्रेरकाचे. इन्सुलिनच्या आदेशाने स्नायू रक्तातील साखर आत घेतात, यकृत स्वतःची साखरनिर्मिती आवरते आणि चरबीच्या पेशी आपला साठा बाहेर सोडणे थांबवतात.

ही व्यवस्था समजून घेण्यासाठी विहीर आणि शेत डोळ्यांसमोर आणावे. विहिरीला किती झरे आहेत ही एक गोष्ट आणि शेताला किती पाणी लागते ही दुसरी. भरपूर झरे असलेल्या विहिरीवरही एखाद्याने वाटेल तेवढा ऊस लावला, तर एके दिवशी पाणी पुरणार नाही. आणि झरेच मोजके असतील, तर ज्वारीच्या लहानशा तुकड्यालाही ओढ बसेल. पीक वाळलेले दोन्हीकडे दिसते, पण दुखणे निरनिराळे असते. मधुमेहात शेताची तहान वाढणे म्हणजे पेशींनी इन्सुलिनला नीट दाद न देणे. याला ‘इन्सुलिन-प्रतिरोध’ म्हणतात. झरे मंदावणे म्हणजे स्वादुपिंडाकडून होणारे इन्सुलिनचे स्रवणच अपुरे पडणे. गेल्या तीन-चार दशकांत सर्वसामान्यांपर्यंत जी माहिती पोहोचली, तिचा बहुतांश भर पहिल्या गोष्टीवर राहिला आणि दुसरी जवळजवळ अनुल्लेखित राहिली. आपल्या देशातील मधुमेहाचे चित्र या दुसऱ्या गोष्टीशिवाय अर्धवट राहते, असे माझे मत आहे.

इन्सुलिन सुटते तरी कसे?

जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म पेशीपुंज विखुरलेले असतात आणि त्यांचे एकूण वजन संपूर्ण अवयवाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरते. या पुंजांतील बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. रक्तातील साखर वाढली की ती बीटा पेशीत शिरते, तिच्या ज्वलनातून ऊर्जा तयार होते, या ऊर्जेच्या संकेताने पेशीच्या आवरणातील पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, त्यामुळे पेशीचा विद्युतभार बदलून कॅल्शियम आत येते आणि कॅल्शियमच्या धक्क्याने आधीच भरून ठेवलेल्या इन्सुलिनच्या सूक्ष्म पिशव्या रक्तात रित्या होतात. ग्लिमेपिराइडसारख्या नित्याच्या गोळ्या याच पोटॅशियमच्या मार्गांना बंद करून स्रवण घडवून आणतात. म्हणून त्या उपयोगी पडायला काही बीटा पेशी शिल्लक असाव्या लागतात आणि म्हणूनच गोळी घेऊन जेवण चुकवले तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

हे स्रवण दोन टप्प्यांत होते. पहिल्या काही मिनिटांत तयार साठ्यातून झटकन इन्सुलिन सुटते आणि त्यानंतर संथ, दीर्घकाळ चालणारा दुसरा टप्पा येतो. टाइप २, म्हणजे बहुतेक प्रौढांना होणाऱ्या नेहमीच्या, मधुमेहाच्या वाटेवर पहिला टप्पा फार लवकर मंदावतो. उपाशीपोटीची साखर अजून ठीक असते, मात्र जेवणानंतरची चढू लागते. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या दीर्घ अभ्यासातून असा अंदाज पुढे आला की निदानाच्या दिवशीच बीटा पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते. निदान म्हणजे आजाराचा आरंभ अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तोवर बरेच पाणी वाहून गेलेले असते.

पुण्याजवळच्या सहा गावांतील गोष्ट

या प्रश्नावरचे काही महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या असे लक्षात आले होते की त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाठ्यपुस्तकात वर्णन केलेल्या मधुमेहींपेक्षा वयाने तरुण आणि अंगाने बारीक आहेत. त्याच सुमारास इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर हे, गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणाचा प्रौढ वयातील हृदयरोग व मधुमेहाशी संबंध असतो, अशी मांडणी करत होते. या दोन धाग्यांतून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू झाला. स्त्रिया गरोदर होण्यापूर्वीपासून त्यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या आणि त्यांच्या मुलांचा जन्मापासून पुढे अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. इतक्या चिकाटीने चाललेले अभ्यास जगातही थोडेच आहेत.

या गावांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. मात्र बारकाईने मोजमाप केल्यावर दिसले की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, तर त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. लहानखुरे दिसणारे हे बाळ चरबीच्या प्रमाणात कृश नव्हते. याज्ञिक यांनी या ठेवणीला ‘बारीक पण चरबीयुक्त’ अशा अर्थाचे नाव दिले.

हीच ठेवण प्रौढांत कशी दिसते, याचे एक गमतीदार उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र त्यात होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनाच्या काट्याने दोघांना एकाच मापाने मोजले होते, एवढाच त्याचा अर्थ.

या अभ्यासातील सर्वांत विचार करायला लावणारे आकडे २०२१ मध्ये आले. त्या गावांतील ६१९ मुलामुलींची अठराव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांमध्ये साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. त्यांपैकी प्रत्यक्ष मधुमेह एकालाच होता. बाकी सारे पूर्व-मधुमेहाच्या अवस्थेत होते. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या सर्व तरुणांपैकी ४८ टक्के जणांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. बालपणापासूनच्या नोंदी पाहता असे दिसले की वयाबरोबर इन्सुलिनला मिळणारी दाद सगळ्यांचीच कमी होत गेली होती, पण ज्यांची साखर पुढे बिघडली त्यांच्या बीटा पेशी ही वाढती मागणी भागवण्यात लहानपणापासूनच कमी पडत होत्या. तहान सगळ्यांच्याच शेताची वाढली. ज्यांचे झरे आधीच मोजके होते, त्यांना ओढ बसली.

वजन कमी आहे, मग चरबी अपाय कशी करते?

चरबी साठवायची शरीराची सर्वांत निरुपद्रवी जागा म्हणजे त्वचेखाली, विशेषतः मांड्या आणि नितंबांवर. ही जागा प्रत्येकाची सारखी नसते. ती भरली की जादा चरबी पोटातील अवयवांभोवती, यकृतात आणि काही प्रमाणात स्वादुपिंडातही जमू लागते. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी यावरून असे मांडले की प्रत्येक माणसाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते. कोणाची ती शंभर किलोंवर ओलांडली जाते, तर कोणाची साठ किलोंवरच. दक्षिण आशियाई लोकांमध्ये ही मर्यादा खाली असते असे मानायला पुरेसा आधार आहे आणि म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन व २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे, असे सांगितले जाते. अमेरिकेतील मधुमेह संघटनाही आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २३ पासून सुरू करावी असे सांगते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू स्नायूंची. जेवणानंतर रक्तातील साखर मोठ्या प्रमाणावर उचलतात ते स्नायू, आणि जन्मतःच ते कमी असतील तर साखर जाणार कुठे, हा प्रश्न उरतोच.

‘प्रकार ५’ म्हणजे हेच का?

नाही, आणि येथे घाई करू नये. वर वर्णन केलेल्या बहुतेक लोकांचा मधुमेह आज टाइप २ याच नावाखाली मोडतो. प्रकार ५ हे त्याहून टोकाचे चित्र आहे. त्यात बीएमआय बहुधा १८.५ ते १९ च्या खाली असतो, बालपण अर्धपोटी गेलेले असते आणि इन्सुलिनचे स्रवण फार कमी असते, तरीही टाइप १ मध्ये दिसणारा, बीटा पेशींवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला त्यात नसतो. अशा रुग्णांचे वर्णन सर्वप्रथम १९५५ मध्ये जमैकातून झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ च्या वर्गीकरणात कुपोषणजन्य मधुमेहाला जागा दिली, पण पुरावा अपुरा म्हणून १९९९ मध्ये ती काढून घेतली. २०२२ मध्ये वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि न्यूयॉर्कच्या मधुमेह-संशोधक मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाने मोजक्या कृश रुग्णांचा काटेकोर अभ्यास करून दाखवले की त्यांच्यात मुख्य दोष इन्सुलिनच्या स्रवणाचा आहे, इन्सुलिन-प्रतिरोधाचा नाही. त्यानंतर तीन वर्षांनी बँकॉकमध्ये नामकरण झाले.

या नावावर सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे असे नाही. निदानाचे निश्चित निकष अजून ठरलेले नाहीत आणि केवळ बारीक रुग्ण दिसला म्हणून प्रकार ५ चा शिक्का मारण्याचा धोका आहे. तो धोका खरा आहे असे मला वाटते, कारण बारीक मधुमेही रुग्णात इतरही शक्यता तपासाव्या लागतात. प्रौढ वयात हळूहळू येणारा टाइप १, एकाच जनुकातील दोषामुळे होणारा मधुमेह, खडे होऊन निकामी झालेले स्वादुपिंड आणि, पन्नाशीनंतर अचानक वजन घटून साखर वाढली असेल तर, स्वादुपिंडाचा कर्करोग, या सगळ्यांचा विचार व्हायला हवा. दुसरीकडे, नाव नसलेल्या आजारावर ना संशोधनाला पैसा मिळतो ना उपचारांची मार्गदर्शक सूत्रे तयार होतात, हेही तितकेच खरे.

टाइप २ च्या पोटातही गट आहेत, हे २०१८ मध्ये स्वीडनमधील अभ्यासाने दाखवले. तेथे नव्या रुग्णांचे पाच गट पाडण्यात आले. त्यांतील एक गट इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेचा होता आणि त्यात साधारण सहापैकी एक रुग्ण होता. पुण्यातील तरुण टाइप २ रुग्णांना तीच पद्धत लावली असता हाच गट सर्वांत मोठा निघाला.

“म्हणजे गोडधोड, भात यांचा दोष नाही?”

असा निष्कर्ष काढणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. झरे मोजके असतील, तर पाण्याची उधळपट्टी अधिक महाग पडते. आपल्याकडील आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि त्यातही पांढरा भात, मैदा, साखर यांचा वाटा मोठा आहे, असे वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीच्या पुढील विश्लेषणात आढळले. प्रथिनांचे प्रमाण मात्र १२ टक्क्यांच्या आसपास आहे. सडपातळ माणसाला येथे वेगळा सल्ला लागतो: त्याने ताटातील भात-भाकरी कमी करावी, पण एकूण उष्मांक कमी करून आणखी वाळू नये, त्याऐवजी डाळी, उसळी, दही, अंडी, मासे यांतून प्रथिने वाढवावीत आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. शेजारच्या स्थूल गृहस्थांना लागू पडलेला कडक उपास त्याच्या स्नायूंवरच उठू शकतो.

“वजन कमी करून मधुमेह परतवता येतो, असे वाचले होते”

तेही खरे आहे. स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंडमधील एका मोठ्या प्रयोगात, वजन बरेच घटवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षाअखेर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. पण प्रयोगात घेतलेल्यांचा बीएमआय २७ ते ४५ होता आणि निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ झालेला नव्हता. टेलर यांनी नंतर बीएमआय २१ ते २७ असलेल्या वीस जणांवर हाच उपाय केला, तेव्हा चौदा जणांमध्ये यश आले. म्हणजे स्थूल नसलेल्या काही जणांच्याही यकृतात आणि स्वादुपिंडात चरबी असते व ती उतरवली की बीटा पेशी पुन्हा कामाला लागतात. १८ बीएमआय असलेल्या तरुणाला मात्र हा हिशेब लागू करता येत नाही. वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही हेच म्हणता येईल. ती साखर वाढलेली असताना इन्सुलिनचे स्रवणही वाढवतात, पण भूक मारून वजन उतरवणे हा कृश रुग्णात अपायच ठरेल.

“आम्हाला इन्सुलिन लवकर सुरू केले, म्हणजे आजार हाताबाहेर गेला का?”

इन्सुलिनची ‘सवय लागते’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ज्याच्या शरीरात मूळ कमतरताच इन्सुलिनची आहे, त्याला ते देणे म्हणजे शिक्षा नव्हे, थेट इलाज आहे. निदानाच्या वेळी साखर फार वाढलेली असेल, तर त्या वाढीव साखरेनेच बीटा पेशी तात्पुरत्या मंदावतात. काही आठवडे इन्सुलिन देऊन साखर आटोक्यात आणल्यावर त्यातल्या काही पेशी सावरतात आणि अनेकदा इंजेक्शन थांबवताही येते. ज्यांच्यात ते थांबवता येत नाही, त्यांनी ते चालू ठेवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

“मग इन्सुलिन किती बनते, हे मोजता येते का?”

येते, पण रक्तातील इन्सुलिन थेट मोजण्यापेक्षा ‘सी-पेप्टाइड’ची चाचणी अधिक उपयोगी असते. बीटा पेशीत आधी एक लांब रेणू तयार होतो आणि तो तुटून इन्सुलिन व सी-पेप्टाइड सारख्याच संख्येने बाहेर पडतात. इन्सुलिनचा मोठा हिस्सा यकृत पहिल्याच फेरीत काढून घेते, सी-पेप्टाइड मात्र टिकते. शिवाय टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते, त्यामुळे रुग्णाच्या स्वतःच्या स्रवणाचा अंदाज त्यावरून येतो. साखर बेसुमार वाढलेली असताना ही चाचणी केली तर ती फसवू शकते, म्हणून ती कधी करायची हे डॉक्टरांनी ठरवावे. प्रत्येक मधुमेहीला तिची गरज नाही. बारीक, तरुण, किंवा गोळ्यांना अपेक्षेप्रमाणे दाद न देणाऱ्या रुग्णांनी तिच्याविषयी डॉक्टरांना विचारून पाहावे.

“गर्भातच ठरले असेल, तर आता काय उरले?”

याला नियती म्हणणे चुकीचे आहे, पण हा प्रश्न एका पिढीत सुटणाराही नाही. आनंदवर्धन हार्डीकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पन्नास पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवल्या आणि पुढे दोन पिढ्यांना भरपूर खायला दिले, तरीही त्यांच्या चयापचयातील दोष भरून निघाला नाही, असे २०१५ मध्ये नोंदवले. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. तरी पुण्याच्या गावांतही दिशा तीच दिसते: सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि ब-१२ कमी व फॉलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता. म्हणूनच त्याच अभ्यासातील मुले-मुली किशोरवयात आल्यावर, त्यांच्या स्वतःच्या संसाराआधीच, त्यांना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग तेथे हाती घेण्यात आला.

गरोदरपणातील साखरेचा मुद्दा याहून निकडीचा आहे. अठराव्या वर्षी ज्यांचे नियमन बिघडले, त्यांच्या मातांची गरोदरपणातील साखर इतर मातांपेक्षा जास्त होती. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीला पहिल्याच तपासणीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातील साखर मोजायची असते. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही आणि आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर उपचार सुरू करायचे असतात. अंगाने बारीक असलेल्या सुनेला “हिला कशाला साखरेची तपासणी” म्हणून ही चाचणी टाळली जाऊ नये, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली नसेल तर आपणहून मागणी करून ती करून घ्यावी.